पाणी चढतं तेव्हा देवाचं अभिवचन कुठे असतं?

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अॅक्चुअली" थोडे कमी केलेत.)



मागे जो आवाज येतोय ना, तो पावसाचा आहे. मी रत्नागिरीत, आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतेय. खिडकी लावली, दारावर चादर टाकली, तरी पत्र्यावरचा पाऊस काही ऐकत नाही. त्यामुळे आज तो आपला पाहुणा वक्ता आहे असं समजा.

सकाळी मोबाईलवर मेसेज आला, ऑरेंज अलर्ट. तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांना माहीत आहे, हा मेसेज आला की पोटात काहीतरी हलतं. मुंबई-पुण्यातल्या मित्रांना पाऊस म्हटला की रील आणि भजी आठवतात. आम्हाला आधी आठवतं, गाडी कुठे लावलीय, गच्चीत काय आहे, आणि चिपळूणला कोण आहे.

म्हणून आज मला भीतीबद्दल बोलायचंय. भीतीच्या दिवसांत देवाची अभिवचनं म्हणजे नक्की काय, याबद्दल. आणि एक गोष्ट आधीच सांगते. हा भाग "देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" असा नाही. मी स्वतः एकदा तसा विश्वास ठेवला होता, आणि सगळं ठीक झालं नाही.

2021

आमच्या घरासाठी ते वर्ष म्हणजे 2021. कोरोनाची दुसरी लाट. एप्रिलच्या शेवटी पप्पांना ताप आला, मग ऑक्सिजन कमी व्हायला लागला, मग अॅडमिट. आत जायला परवानगी नाही. आई आणि मी घरी, हातात मोबाईल. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की 91वं स्तोत्र रोज तीन वेळा म्हणा, हे संरक्षणाचं स्तोत्र आहे. आम्ही म्हटलं. सकाळ, दुपार, रात्र. मरीचं भय नाही, हजारो पडले तरी तुझ्याजवळ येणार नाही, अशा अर्थाची वचनं त्यात आहेत ना, ती म्हणताना आई पप्पांचं नाव मध्ये घालायची. मी तर ते स्तोत्र स्टेटसला लावलं होतं. खाली लिहिलं होतं, "क्लेम केलंय."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पप्पा गेले.

दफनाला आम्ही मोजकीच माणसं होतो. पाळकांनी दुरूनच प्रार्थना केली, मास्कमधून. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. मला एवढंच आठवतं की घरी आल्यावर मी पहिल्यांदा ते स्टेटस शोधलं, डिलीट करायला. ते चोवीस तासांनी आपोआप गेलेलं होतं. मला त्याचाही राग आला.

पुढच्याच आठवड्यात, 16 मेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. पडवीचे पत्रे उडाले. मी आणि आई मधल्या खोलीत बसलो होतो. आई प्रार्थना करत होती. मी नव्हते करत. मी मनात म्हणत होते, तुला जे करायचंय ते कर, मी काही मागणार नाही. ही काही श्रद्धा नव्हती हो. हा रुसवा होता.

आणि मग आली 22 जुलै.

चिपळूण

22 जुलै 2021 ला चिपळूणला काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. रात्रभर पाऊस, वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही फुगलेल्या, त्यात खाडीची भरती. पहाटेपासून पाणी शहरात शिरलं आणि बघता बघता बाजारपेठेत तळमजले दिसेनासे झाले. एसटी स्टँडमध्ये बस बुडल्या. 2005 च्या 26 जुलैचा पूर ज्यांनी पाहिला होता, तेही म्हणाले की असा पाहिला नव्हता. त्याच दिवशी महाडजवळ तळीयेवर डोंगर आला, ऐंशीच्या वर माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात खेड तालुक्यात पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळली, तिथे 17 जण गेले.

माझी मावशी चिपळूणला राहते. एकटी. शिवणकाम करते. घर तळमजल्याला. रत्नागिरीहून चिपळूण साधारण 90 किलोमीटर, पण त्या दिवशी ते 9000 किलोमीटर झालं होतं. हायवे बंद, रेल्वे बंद, फोन लागत नाही. आणि मी, जिने महिनाभर प्रार्थना केली नव्हती, तिने काय केलं? मावशीला व्हॉट्सअॅपवर वचन पाठवलं. यशया 43. त्यात देव म्हणतो की तू पाण्यातून चालशील तेव्हा मी बरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. एक टिक. दुसरी आलीच नाही. दिवसभर मी त्या एका टिककडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून मावशीचा आवाज आला. जिवंत होती.

पुढे आठवड्याभराने आम्ही तिच्याकडे पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरातून बाहेर काढलेलं सामान. गाद्या, फ्रिज, वह्या, तांदळाची पोती. आणि चिखलाचा तो वास. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 पासूनचं, तिथली पुस्तकंही पाण्यात गेली होती. मावशीचं शिलाई मशीन अंगणात उलटं ठेवलं होतं, त्यातून गाळ निघत होता. गिऱ्हाइकांचे कपडे, लग्नाचे ब्लाउज, सगळं गेलं होतं.

मी तिला म्हटलं, "मावशी, मी तुला वचन पाठवलं होतं."

ती हसली. म्हणाली, "अगो बाय, तुझं वचन कुठलं पोचतंय? मोबाईल पहाटेच पाण्यात गेला."

मग तिने सांगितलं काय झालं ते. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा ती कपडे वर ठेवत बसली, गिऱ्हाइकांचे म्हणून. गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा दार उघडेना. वरच्या मजल्यावरच्या काकींच्या मुलाने खिडकीतून हाक मारून, मागच्या बाजूने तिला ओढून वर घेतलं. त्यांच्या एका खोलीत नऊ माणसं, एक रात्र, लाईट नाही. काकींनी अंधारात चाचपून सगळ्यांना मुठीमुठीने चुरमुरे वाटले.

मी विचारलं, "मग तू काय केलंस रात्रभर?"

म्हणाली, "संडे स्कूलला पाठ केलेलं तेवीसावं स्तोत्र म्हटलं. दुसरं काही येतच नव्हतं मला पूर्ण."

"तो" आणि "तू"

मित्रांनो, 23वं स्तोत्र आपल्यातल्या अनेकांना येतं. इतकं येतं की ऐकू येत नाही. घरी आल्यावर मी ते पहिल्यांदा नीट वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली. सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो. तो मेंढपाळ आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो पाण्याजवळ नेतो. सगळीकडे "तो." पण अंधाऱ्या दरीची ओळ आली की शब्द बदलतो. तिथे दावीद देवाबद्दल बोलत नाही, देवाशी बोलतो. तिथे "तू" येतं.

कुरणात असतो तेव्हा आपण देवाविषयी माहिती सांगतो. दरीत उतरलो की त्याचा हात धरावा लागतो.

आणि बघा, त्या स्तोत्रात दरी गायब होत नाही. तसंच यशया 43 मध्येही "पाणी येणारच नाही" असं कुठे लिहिलंय? तिथे "जेव्हा" आहे, "जर" नाही. पाणी धरलेलंच आहे. अभिवचन सोबतीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण 91व्या स्तोत्राचं काय? तिथे तर स्पष्ट संरक्षणाची भाषा आहे. आणि तुझे पप्पा?

हा प्रश्न मी जवळजवळ वर्षभर घेऊन फिरले. कुणाला विचारला की लोक गप्प व्हायचे, नाहीतर म्हणायचे, "देवाची इच्छा." एकाने तर म्हटलं, विश्वास कमी पडला असेल. कृपा करून, कृपा करून असं कुणाला म्हणू नका. जो माणूस रोज तीन वेळा गुडघ्यावर होता त्याला हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ.

उत्तर मला जिथे मिळालं, ती जागा विचित्र आहे. मत्तय 4. प्रभू येशूची परीक्षा. सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील, असं लिहिलंय ना! आणि हे तो कुठून काढतो माहितीये? 91व्या स्तोत्रातून. तेच स्तोत्र. म्हणजे अभिवचन खरं असतं, पण ते चुकीच्या पद्धतीने हातात धरता येतं. देवाला अडकवायला, सिद्ध करून दाखव म्हणायला. येशूने ते नाकारलं. आणि ज्या येशूला ते स्तोत्र सगळ्यांत जास्त लागू व्हायला हवं होतं, तो पुढे वधस्तंभावर गेला. तिथे कुणी झेललं नाही.

आणि त्याच 91व्या स्तोत्रात थोडं पुढे, पंधराव्या वचनात, देव सांगतो की संकटात मी त्याच्याबरोबर असेन. संकटात. म्हणजे संकट आहे. आम्ही ते स्तोत्र दिवसातून तीन वेळा म्हणत होतो आणि ही ओळ आमच्या तोंडून जात होती, पण आमचं लक्ष फक्त पहिल्या अर्ध्यावर होतं.

पप्पांबरोबर त्या वॉर्डमध्ये आम्ही नव्हतो. हे माझं सगळ्यांत मोठं दुःख आहे. ते एकटे गेले. आज मी यावर विश्वास ठेवते की ते एकटे नव्हते. याचा पुरावा माझ्याकडे नाही. अभिवचन आहे. पुरावा आणि अभिवचन यांत फरक असतो. पुरावा हातात असता तर विश्वासाची गरजच नव्हती.

थिबा पॉइंटवरून

रत्नागिरीत असलात तर थिबा पॉइंटला गेला असाल. संध्याकाळी सगळं कॉलेज तिथेच असतं. तिथून भाट्याची खाडी दिसते, समुद्र दिसतो. जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं, आणि 1886 मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये. 1916 च्या डिसेंबरमध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं. परत जाणं झालंच नाही.

मी तिथे बसले की मला यिर्मया 29 आठवतं. त्यातलं अकरावं वचन तुम्हाला माहीत आहेच, कारण ते मगवर असतं, कीचेनवर असतं, दहावीच्या शुभेच्छांमध्ये असतं. तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं. पण ते कुणाला लिहिलंय? बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या लोकांना. आपल्या थिबासारख्या लोकांना. आणि आधीच्या ओळींत देव त्यांना काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षं लागणार आहेत.

सत्तर! त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. कुणाला ऐकायला आवडलं असेल? हनन्याच. आजही त्याच्या चॅनेलला सबस्क्रायबर जास्त असते. पण तो खोटं बोलत होता.

तुमच्यातले काही जण स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट देताय. काही जण पुण्यात रूम घेऊन नोकरी शोधताय आणि घरी सांगताय की चाललंय. कुणाच्या बागेतला आंबा सलग दोन वर्षं मोहोरानंतर गळलाय. कुणाच्या घरी आजारपण आहे. आपल्याला दोन वर्षांचं उत्तर हवं असतं. देव कधीकधी सत्तर वर्षांचं देतो आणि म्हणतो, तोपर्यंत झाड लाव. आशा म्हणजे नुसती वाट बघणं नाही. परक्या मातीत, उद्याची खात्री नसताना, बाग लावणं ही आशा आहे.

असं केलेलं माणूस आपल्याच भाषेत होऊन गेलंय. पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि मोठी बहीण गेली. भुकेने. अशा मुलीने पुढे आयुष्यभर दुष्काळ या शब्दापासून लांब पळायला हवं होतं. पण 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तरीही ते काम करत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच ते बायबल छापलं. ज्या घरात अभिवचनं मोडली असं कुणीही म्हटलं असतं, त्या घराने अभिवचनांचं पुस्तक साध्या बायकांच्या हातात दिलं.

मग आपण करायचं काय?

फार नाही, चार गोष्टी सांगते. मावशीकडून आणि स्वतःच्या चुकांमधून शिकलेल्या.

एक. एक तरी शास्त्रभाग पूर्ण पाठ करा. बायबल अॅप उत्तम आहे, मीही वापरते. पण बॅटरी जाते, टॉवर जातो. मावशीकडे त्या रात्री फक्त तेवढंच उरलं होतं जे तिच्या आत होतं.

दोन. कुठलंही अभिवचन उचलण्याआधी त्याच्या वरच्या आणि खालच्या दहा ओळी वाचा. ते कुणाला, कधी, कुठल्या परिस्थितीत दिलंय बघा. मगवरचं वचन खरंच आहे, पण अर्धं आहे.

तीन. दुःखात असलेल्या माणसाला वचन फॉरवर्ड करण्याआधी त्याच्याकडे जा. भांडी घासा, गाळ काढा, डबा न्या. मी पाठवलेलं वचन मावशीपर्यंत पोचलं नाही. पण त्या वचनातला देव पोचला होता. काकींच्या मुलाच्या हाताने, आणि मूठभर चुरमुऱ्यांच्या रूपाने. तुम्ही स्वतःच कुणासाठी तरी देवाच्या अभिवचनाचं उत्तर असू शकता.

चार. भीती शरीरातही असते. 1 राजे 19 मध्ये एलीया एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला लेक्चर देत नाही. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप. बोलणं त्यानंतर. तेव्हा झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते एकट्याने घेऊन बसू नका. घरच्यांशी, पाळकांशी बोला, डॉक्टरांकडे जा. टेलिमानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, नंबर 14416, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. एलीयाने भाकर खाल्ली, आपणही खावी.

जाता जाता एकच. मिरकरवाड्याला जाल तर या दिवसांत होड्या किनाऱ्यावर दिसतात. पावसाळ्यात बंदी असते. मार्क 4 मधले शिष्य, त्यांतले कितीतरी मच्छीमार होते. पाणी त्यांना नवीन नव्हतं. तरी ते इतके घाबरले की झोपलेल्या येशूला उठवून जवळजवळ भांडलेच, तुला आमची पर्वा नाही का म्हणून. मला तो प्रश्न फार आवडतो. कारण मी 2021 मध्ये तो विचारलाच नाही. मी रुसून गप्प बसले. त्यांनी ओरडून का होईना, पण त्यालाच हाक मारली. ओरडा. रागवा. पण त्याच्याकडे तोंड करून.

मावशीने ते मशीन दुरुस्त करून घेतलं. अजून त्यावरच शिवते. पट्टा जरा आवाज करतो. आज ऑरेंज अलर्टचा मेसेज आल्यावर मी तिला फोन केला. घाबरलीस का विचारलं. म्हणाली, "घाबरले तर. कपडे आधीच वर नेऊन ठेवलेत काकींकडे." मला वाटतं याहून चांगली साक्ष मी देऊ शकत नाही. भीती आहे, तयारी आहे, शेजार आहे, आणि रात्री म्हणायला ते स्तोत्र आहे.

चला, जिथे असाल तिथे, बसमध्ये असाल तरी, एक मिनिट शांत होऊया.

हे पित्या, आज जे घाबरलेले आहेत त्यांना तुझ्यापाशी घे. नदीकाठच्या आणि डोंगराखालच्या वाड्यांना सांभाळ. ज्यांनी मागितलं आणि मिळालं नाही, त्यांच्या रागासकट त्यांना जवळ घे. आम्हाला एकमेकांच्या दारापर्यंत पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत 23वं स्तोत्र पाठ करा, आणि म्हणून दाखवणारा व्हॉइस मेसेज मला पाठवा. अडखळलात तरी चालेल. आणि हो, कुणी एकटं राहत असेल, तर आज पावसात त्यांना एक फोन नक्की करा. सलाम.